पत्नी, भक्त आणि निवेदक : संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचे एक वाचन

१

संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांचे अभंगबद्ध आत्मनिवेदन मराठी वाङ्मयेतिहासात नेहमी आदराने उल्लेखिले जाते. परंतु त्याचे वाचन बहुधा दोन ठरावीक दिशांनी होत आले आहे. पहिली दिशा समन्वयाची. बहिणाबाईंनी पातिव्रत्य आणि भक्ती यांचा मेळ घातला, प्रपंचात राहून परमार्थ साधला, पतीची सेवा आणि विठ्ठलाची उपासना यांत विरोध नाही हे स्वतःच्या जीवनाने सिद्ध केले, असे हे वाचन सांगते. दुसरी दिशा स्त्रीवादी समीक्षेच्या प्रभावाने पुढे आली. या वाचनानुसार पातिव्रत्याचे अभंग हा एक मुखवटा आहे. पुरुषसत्ताक कुटुंबात भक्तीसाठी थोडी जागा मिळवायची तर त्या व्यवस्थेची भाषा बोलावी लागते, आणि बहिणाबाई ती बोलतात. १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी हे अभंग इंग्रजीत नेले. पुढे १९८२ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'पत्नी' आणि 'संत' या दोन भूमिकांना केंद्रस्थानी ठेवून बहिणाबाईंचा विचार केला. तेव्हापासून हा प्रश्न मराठीबाहेरील अभ्यासकांच्याही चर्चेचा विषय झाला आहे.

ही दोन्ही वाचने परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. पातिव्रत्याचे अभंग ही एक सैद्धांतिक भूमिका आहे, मग ती प्रामाणिक असो वा धूर्त, असे दोन्ही वाचने धरून चालतात. त्यामुळे हे अभंग निवेदनाच्या क्रमातून उचलले जातात आणि सुट्या वचनांसारखे तपासले जातात. वस्तुतः आत्मनिवेदन ही क्रमाने सांगितलेली हकीकत आहे. तिच्यात घटना आहेत, पात्रे आहेत, सांगणारी व्यक्ती आहे आणि ऐकणाराही आहे. अमुक उद्गार कोणत्या घटनेनंतर आणि कोणत्या धाकाखाली आला, याला अशा संहितेत अर्थनिर्णायक महत्त्व असते. त्या क्रमाकडे लक्ष दिले, तर प्रेम, धर्म आणि श्रद्धा यांचा समन्वय या संहितेत कोठेच पूर्ण होत नाही असे दिसते. या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, आणि निवेदिका त्यांच्यामध्ये आयुष्यभर ये-जा करते. या ये-जा करण्यातच आत्मनिवेदनाचे वाङ्मयीन मोल आहे.

२

या विवाहाची वस्तुस्थिती बहिणाबाईंनी स्वतःच नोंदविली आहे. वेरूळच्या परिसरातील देवगाव हे त्यांचे माहेर. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. शिऊरचे गंगाधरपंत पाठक यांच्याशी विवाह झाला तेव्हा मुलगी अवघी तीन वर्षांची होती. वर तीस वर्षांचा, वैदिक वृत्तीचा आणि पहिली पत्नी मरण पावलेला. त्या काळाच्या रूढीत हा विवाह अपवादात्मक नव्हता, आणि निवेदनातही त्याविषयी तक्रारीचा स्वर नाही. पुढे कर्ज आणि भाऊबंदकी यांमुळे आऊजींना गाव सोडावे लागले. आई-वडील, मुलगी आणि जावई असे कुटुंब गोदाकाठाने, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत कोल्हापुरास पोहोचले. तेथे एका ब्राह्मणाच्या घरी त्यांना आश्रय मिळाला. त्या वेळी बहिणाबाईंचे वय सुमारे अकरा वर्षांचे होते.

या प्रवासात पती जावयाच्या मानाने सासरच्या माणसांना मिरवीत नाही. तो त्यांच्याबरोबर भिक्षा मागतो. संसार सुरू होण्यापूर्वीच तो निराश्रित झाला आहे. पत्नी वयाने मूल आहे, पती वयाने तिच्या पित्याच्या जवळचा आहे, आणि दोघेही परक्या गावात परक्याच्या छपराखाली आहेत. पुढे जो कलह होतो त्याची भूमी ही आहे. केवळ 'संतापी पती आणि सोशिक पत्नी' अशी मांडणी केल्यास हा सामाजिक तपशील नाहीसा होतो आणि चरित्रकथेचा ठरीव साचा तेवढा उरतो.

पतीविषयी बोलताना निवेदिकेची भाषा कोणती, हे येथे पाहण्यासारखे आहे. ती भय, आज्ञा, सेवा आणि अधिकार यांची भाषा आहे. पती रागावतो, पती विचारतो, पती निघतो. निवेदिका घाबरते, ऐकते, पाय धरते. ओढ, लळा, वियोगाने कासावीस होणे हे सारे शब्दविश्व या संहितेत आहे, पण ते पतीच्या वाट्याला आलेले नाही. ते प्रथम एका वासराच्या वाट्याला येते.

३

कोल्हापुरात यजमानाकडून गंगाधरपंतांना एक कपिला गाय मिळते आणि तिला वासरू होते. हे वासरू मुलीच्या मागे मागे फिरते. ती पाणी आणावयास गेली की ते बरोबर जाते. ती नसली की चारा-पाणी सोडते. ती कीर्तनाला गेली की तेही तिच्या शेजारी उभे राहते. चरित्रकारांनी या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहिले, कारण पुढे मरतेसमयी ते वासरू संस्कृत श्लोकाचा अर्धा भाग उच्चारते अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी प्रसंगाचे निवेदनातील कार्य स्पष्ट आहे. बारा वर्षांच्या आतील एका विवाहित मुलीच्या आयुष्यात जे प्रेम कोणालाच देता येत नव्हते, आणि ज्याची कोणी मागणीही केली नव्हती, त्याला येथे पहिल्यांदा पात्र मिळते. या प्रेमाला नात्याचे नाव नाही आणि त्यामुळे त्यावर कर्तव्याचे ओझेही नाही.

संघर्षाला तोंड फुटते ते याच प्रेमापायी. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दीमुळे वासराला बाहेर काढले जाते, मुलगी व्याकूळ होते, आणि जयरामस्वामी वासराला आत आणवून दोघांच्याही मस्तकावर हात ठेवतात. गावात याची चर्चा होते. ती कानी येताच गंगाधरपंत पत्नीची वेणी धरून तिला मारतात आणि बांधून टाकतात. गाय आणि वासरू चारा सोडतात. काही दिवसांनी वासरू मरते, आणि मुलगी शुद्ध हरपून पडते. त्याच अवस्थेत तुकाराम तिला दर्शन देतात आणि मंत्रोपदेश करतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. सामान्यतः असे मानले जाते की भक्ती आधी आली आणि पतीचा विरोध तिला झाला. आत्मनिवेदनाचा क्रम सांगतो ते वेगळे आहे. आधी लळा आला, त्याबद्दल मार मिळाला, लळ्याचा विषय मृत्यूने नेला, आणि त्या रित्या जागेत गुरू आला. या संहितेत श्रद्धेचा जन्म तत्त्वचिंतनातून झालेला नाही. तो शोकातून झाला आहे. तुकारामांच्या अभंगांची ओढ पूर्वीपासून होती हे खरे. परंतु ओढीचे दीक्षेत रूपांतर होते ते वासराच्या मृत्यूनंतर. बहिणाबाईंच्या भक्तीत जो वत्सलतेचा स्वर आहे त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

४

समन्वयवादी वाचनात गंगाधरपंत हे केवळ एक विघ्न असतात, तर स्त्रीवादी वाचनात ते व्यवस्थेचे प्रतिनिधी असतात. निवेदिका मात्र त्यांना बोलू देते, आणि त्यांचे म्हणणे बऱ्याच निःपक्षपातीपणे नोंदविते. आपण वेदाध्ययन करणारे ब्राह्मण. आपल्या पत्नीने शूद्र मानल्या गेलेल्या तुकारामांना स्वप्नात गुरू करावे हे आपल्याला कसे सोसावे? लोक तिच्या दर्शनाला येतात, तिला नमस्कार करतात. मग आपल्याला कोण विचारणार? जी पत्नी पूज्य झाली तिच्याबरोबर संसार कसा करावा? या प्रश्नांत अहंकार आहे, जातीचा अभिमान आहे. पण एका निराश्रित, भिक्षेवर जगणाऱ्या माणसाची अवहेलनाही आहे. त्याच्याजवळ प्रतिष्ठेची जी एकच वस्तू उरली होती, ती त्याच्या अकरा-बारा वर्षांच्या पत्नीने नकळत हिरावून घेतली आहे.

येथे एक साम्य लक्षात येते, आणि ते आजवर पुरेसे विचारात घेतले गेलेले नाही. वारकरी परंपरेत विसंगत संसाराची जी सर्वश्रुत कथा आहे ती खुद्द तुकारामांची. पती देवाच्या नादी लागलेला, घरात अन्न नाही, आणि पत्नी जिजाई ऊर्फ आवली विठ्ठलाला दूषणे देते, असे ते चित्र. बहिणाबाईंच्या घरात हेच चित्र उलटे झाले आहे. येथे देवाच्या नादी लागलेली पत्नी आहे आणि आवलीच्या जागी गंगाधरपंत आहेत. दोघांची तक्रार मुळात एकच आहे : जोडीदार आपल्या हाती राहिला नाही. परंतु या दोन तक्रारींचे परिणाम सारखे नाहीत. आवलीचा त्रागा परंपरेने हसतहसत सांगितला. तिच्या हाती शब्दांपलीकडे काही नव्हते. गंगाधरपंतांच्या हाती मार आहे, आणि त्याहून मोठे शस्त्र म्हणजे त्याग. आवली घर सोडून जाऊ शकत नाही. गंगाधरपंत तीन महिन्यांच्या गर्भवती पत्नीला तिच्या आई-वडिलांच्या स्वाधीन करून तीर्थाटनाला निघण्याची घोषणा करू शकतात, आणि तिला वैराग्य असे नावही देऊ शकतात. पतिपत्नींच्या धर्मातील विषमता एखाद्या सिद्धांतापेक्षा या तुलनेतून अधिक स्वच्छ दिसते.

५

पातिव्रत्याचे बहुचर्चित उद्गार येतात ते नेमके या घोषणेनंतर. पती जाणार म्हणताच निवेदिका म्हणते की पतीची सेवा हाच आपला देव आहे. पती सोडून गेला तर पांडुरंगाचा काय उपयोग. विठ्ठल तर पाषाणाचा आणि तुकोबा स्वप्नातले, त्यांच्यासाठी डोळ्यांसमोरचे सुख का घालवावे? संपूर्ण संतवाङ्मयात इतका धाडसी उद्गार क्वचित सापडेल. भक्ताने देवाशी भांडणे नवे नाही. जनाबाई भांडतात, नामदेव भांडतात. पण ते भांडण प्रेमाच्या हक्काचे असते. येथे भांडण नाही. येथे श्रद्धा दूर सारून ठेवली जात आहे, आणि तीही पूर्ण शुद्धीत.

या उद्गाराचा अर्थ कसा लावावा? तो मुखवटा म्हणावा, तर त्याला प्रेक्षक हवा. पण हे अभंग संवादापेक्षा स्वगताच्या जवळचे आहेत. तो सिद्धांत म्हणावा, तर सिद्धांताला जी स्थिरता लागते ती येथे नाही, कारण हीच निवेदिका पुढे देहूला जाऊन त्याच पाषाणाच्या विठ्ठलापुढे आणि आता प्रत्यक्षात भेटलेल्या तुकोबांपुढे उभी राहते. हा निर्णय आहे, आणि तो भयातून घेतलेला आहे. परक्या गावात, दरिद्री आई-वडिलांच्या आधाराने, पोटात मूल असताना, पतीने टाकलेली ब्राह्मण स्त्री म्हणून जगणे म्हणजे काय हे त्या मुलीला ठाऊक होते. सामाजिक मृत्यू आणि श्रद्धा यांतून एक निवडण्याची वेळ आली तेव्हा तिने जगणे निवडले. जे निवडले त्याला तिने धर्माचे नाव दिले, कारण तिच्याजवळ दुसरे नाव नव्हते. यात दांभिकता नाही आणि आदर्शही नाही. मुखवटा म्हणून पाहणारे वाचन या उद्गारातील भयाला डावपेचाचा मान देते. समन्वयवादी वाचन त्याच भयाला तत्त्वाचा मान देते. दोन्हीकडे भय तेवढे दिसेनासे होते.

याहून सूचक गोष्ट म्हणजे हा निर्णय काहीच साधत नाही. पत्नीच्या पातिव्रत्याने पतीचे मन वळत नाही. तो आजारी पडतो, त्याच्याजवळ एक वृद्ध ब्राह्मण येऊन त्याला खडसावतो, आणि मग त्याला पश्चात्ताप होतो. कथेला वळण देते ती दैवी घटना. पत्नीचा धर्म नव्हे. पातिव्रत्याचे सामर्थ्य दाखविण्याची एवढी मोठी संधी निवेदिकेने सोडून दिली आहे. पुराणकथांच्या साच्याप्रमाणे सतीच्या पुण्याईने पती वाचायला हवा होता. येथे तसे होत नाही, आणि निवेदिकेने हा साचा न वापरणे हे तिच्या सत्यनिष्ठेचे गमक मानता येईल.

पुढे कुटुंब देहूला येते. तेथे मंबाजी त्यांना छळतो, वाळीत टाकण्याची भाषा करतो, त्यांच्या गाईला मारतो; गाईचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठल्याची कथा याच प्रसंगातील. या भागात पतिपत्नी प्रथमच एका बाजूला उभे असलेले दिसतात. ज्या ब्राह्मण्याच्या नावाने गंगाधरपंतांनी पत्नीला मारले, तेच ब्राह्मण्य आता मंबाजीच्या रूपाने दोघांवर उलटले आहे. या दोघांमध्ये जे काही सख्य निर्माण झाले असेल ते प्रीतीतून झाल्याची खूण संहितेत सापडत नाही. एकाच निंदेचे धनी झाल्यामुळे ते झाले असावे. देहूतच मुलीचा, काशीबाईचा, जन्म होतो. दुःखी संसाराला 'सुखी' शेवट देण्याचा मोह निवेदिका येथेही टाळते.

६

आता निवेदनाच्या ऐकणाऱ्याकडे वळावे लागते. हे सारे बहिणाबाई उतारवयात सांगत आहेत, आणि पूर्वजन्मांचा वृत्तांत तर त्या अंतसमयी आपल्या मुलाला, विठोबाला, सांगतात. या संसाराची कथा त्या संसारातूनच जन्मलेल्या मुलाला ऐकविली जात आहे. वडिलांनी आईला वेणी धरून मारले हे मुलाला सांगायचे, पण वडिलांविषयी त्याच्या मनात तिरस्कार उरणार नाही असे सांगायचे, ही या निवेदनाची अडचण आहे आणि त्याची शिस्तही. पतीच्या गाऱ्हाण्याला मिळालेली जागा, प्रसंगांतील कोरडी नेमकेपणाची भाषा आणि स्वतःच्या दुःखाविषयीचा संयम या सर्वांचा उलगडा या दृष्टीने होतो. बारा पूर्वजन्मांची चौकटही येथेच उपयोगी पडते. आपण योगभ्रष्ट होतो, अपुरे राहिलेले तेवढे या तेराव्या जन्मी पुरे करायचे होते, असे म्हटल्याने छळ करणारी व्यक्ती निमित्तमात्र होते. ही क्षमा आहे. परंतु त्याच वेळी ती उत्तरदायित्व पुसून टाकणारी चौकटही आहे, हे समीक्षेने नजरेआड करता कामा नये.

या मर्यादेचा पुरावा बहिणाबाईंच्याच गाथेत आहे. त्यांनी 'वज्रसूची'चा आशय अभंगांत आणला. ब्राह्मण कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना तेथे जीव, देह, जाती, वर्ण, कर्म, पांडित्य अशी एकेक कसोटी घेतली जाते आणि नाकारली जाते. ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, असा निष्कर्ष निघतो. शूद्र मानलेला गुरू स्वीकारणाऱ्या स्त्रीने हे प्रकरण हाती घ्यावे यात तर्कशुद्धता आहे. जन्माने मिळणारा अधिकार तिने येथे तपासून नाकारला. परंतु हीच तर्कपद्धती पतीच्या अधिकाराला लावलेली दिसत नाही. पती कोण? विधीने झालेला, वयाने मोठा, पोसणारा, की पत्नीचे हित जाणणारा? ब्राह्मण्याविषयी जो प्रश्न विचारता आला तो पतित्वाविषयी विचारता आला नाही. पातिव्रत्यावरील त्यांच्या स्वतंत्र अभंगांत पती हा पतीच असतो, त्याला कसोटी नसते.

हा बहिणाबाईंचा व्यक्तिगत दोष मानणे अनैतिहासिक ठरेल. जातीविषयी प्रश्न विचारण्यासाठी वारकरी परंपरेने भाषा, पूर्वसूरी आणि समुदाय दिला होता. चोखामेळ्यापासून तुकारामांपर्यंत त्याची अखंड साखळी होती. विवाहाविषयी तसा प्रश्न विचारण्यासाठी तिने काही दिले नव्हते. मुक्ताबाई अविवाहित, जनाबाई एकाकी दासी, कान्होपात्रा गणिकेची मुलगी, वेणाबाई बालविधवा. सोयराबाईंना चोखोबांसारखा भक्त पती लाभला. पतीच्या विरोधात राहून त्याच्याच घरात भक्ती करणाऱ्या स्त्रीला पूर्वसूरी नव्हती. संप्रदाय जेथे मूक होता तेथे बहिणाबाईंनी स्मृतीची भाषा उसनी घेतली, आणि ती भाषा जेथे तोकडी पडली तेथे हकीकत सांगितली. म्हणून त्यांचे तत्त्वज्ञान जेथे थांबते तेथून पुढे त्यांचे निवेदन चालत राहते.

७

तुलनेसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे उदाहरण घेता येईल. तेथे धर्मांतर करणारा पती आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनंतर, आणि मधल्या काळातील दुरावा त्यांनी मोकळेपणाने लिहिला. श्रद्धा आणि कर्तव्य यांची तेथे फाटाफूट झाली तरी पतीविषयीचा लोभ आणि त्याची थट्टा करण्याचा हक्क शाबूत राहिला. त्यामुळेच ते पुस्तक हसू शकते. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात विनोद नाही. त्यासाठी लागणारी बरोबरी त्या घरात कधीच नव्हती.

आत्मनिवेदनाचे महत्त्व त्याने दिलेल्या उत्तरात शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. प्रेम वासराला दिले, कर्तव्य पतीला दिले, श्रद्धा तुकोबांना दिली. आणि या तिघांना एका घरात आणण्याचा प्रयत्न करताना जे जे तुटले त्याची नोंद ठेवली. पतिव्रतेचा आदर्श म्हणून या संहितेचे पूजन करणे किंवा बंडखोरीचा छुपा दस्तऐवज म्हणून तिचे स्वागत करणे, या दोन्हींत तिच्या वाचकाची सोय आहे. संहिता मात्र अशी सोय करून देत नाही. मार खाल्लेल्या, टाकून दिले जाण्याच्या भीतीने देवालाही पाषाण म्हणणाऱ्या आणि तरीही देहूची वाट चाललेल्या एका मुलीला ती साठ वर्षांनंतर पुन्हा बोलते करते. त्या मुलीचे म्हातारीने खंडन केलेले नाही आणि समर्थनही केलेले नाही. तिला जसेच्या तसे बोलू देणे हाच या निवेदनातील सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक व्यवहार आहे.